पट्टीवरचं वजन

प्रिय तातेराव,
जर्मनीहून सप्रेम जयभीम.

माझी तब्येत बराबर आहे. तुम्ही जेवता ना वेळेवर?

काल इथल्या चर्चमध्ये आपल्या दीपमालाने रचलेलं ऑर्गनचं संगीत झालं. ती बाजूला उभी होती आणि एकच सूर कितीतरी वेळ चालू होता. विहारातल्या पेटीची पट्टी अडकते तसं झालं असेल, असं मला वाटलं. ऑर्गनची एक पट्टी दाबून बसलेला शिशाचा जड तुकडा दिसला. मी पहिल्या रांगेतून उठले आणि तो उचलला. सूर बंद पडला. तो तिनेच ठेवला होता. तेच तिचं संगीत होतं.

"आई, आधी विचारायचं तरी," एवढंच म्हणाली. मला मान वर करवली नाही.

पुढच्या महिन्यात तेच पुन्हा वाजणार आहे. मी येऊ का, हे तुम्हीच तिला फोनवर विचारा. माझ्याने होत नाही.

तुमची,
बेबीनंदा