दगडावरचा सरडा, दुपारी बारा

९ जुलै
यांना जाऊन आज अडतीस दिवस. सकाळी कपाट आवरलं. दुपारी प्रकाशकांचा माणूस यांच्या पुस्तकाचे छापील नमुने ठेवून गेला — एकशे दहा फोटो. साप, सरडे, पाली, घोरपडी. सोबत एक कागद, त्यावर माझी सही हवी. सगळे प्राणी मोकळे, आपापल्या जागी, कुणीही हात न लावलेले. फोटो काढताना मी स्वतः हजर होते, असा मजकूर. "वीस वर्षं नोंदवही तुम्हीच ठेवलीत, वहिनी. तुमच्या सहीवर कोण शंका घेणार!"
लगेच केली असती. पेन सापडलं नाही.

१० जुलै
नमुने आणि माझ्या वह्या ताडून बघायला बसले. तारीख, वेळ, पारा, जागा. अक्षर तेव्हा बरं होतं माझं. लेक फोनवर म्हणाली, "अगं, सही कर आणि मोकळी हो! परीक्षा आहे का ही?" तिला काय सांगू, यांच्याशेजारी बसल्यासारखं वाटतं म्हणून.

११ जुलै
डोकं दुखत होतं. काही केलं नाही.

१२ जुलै
फोटो क्रमांक एकेचाळीस. दगडावरचा सरडा, बक्षीस मिळालेला. एवढा मोठा करून कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या पाठीवर पाण्याचे बारीक थेंब आहेत. खवल्याखवल्यावर. दगड मात्र कोरडा ठणठणीत. वहीत लिहिलंय — मे महिना, दुपारी बारा, पारा बेचाळीस, दगडाला हात लावला तर चटका.
भिंग आणून पुन्हा पाहिलं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर येतात ना, तसले थेंब.
तेव्हा मी विचारलंही होतं — एवढ्या उन्हात हा सावली सोडून इथे कसा बसला? हे हसले. "म्हणून तर फोटोला किंमत!" मी निमूट लिहून घेतलं.

१३ जुलै
ड्रायव्हरला बोलावलं. प्रत्येक फेरीला गाडी त्यानेच चालवली. चहा दिला आणि थेट विचारलं, गाडीच्या मागच्या बर्फपेटीत काय असायचं?
"पाण्याच्या बाटल्या, ताई. अजून काय, आइस्क्रीम?" हसला. मी हसले नाही. मग त्याने कप खाली ठेवला. "तुम्हाला ठाऊक असेल असंच वाटायचं मला. आदल्या दिवशी सरडा नाहीतर साप धरून आणायचो. पेटीत गारठला की बाहेर ठेवल्यावर पाच मिनिटं जागचा हलत नाही. साहेब म्हणायचे, बाईंना आधी पुढे जाऊ दे."
पुढे जाऊ दे! "तू त्या बाजूला बघ, तुझी नजर माझ्यापेक्षा तेज" — हे ऐकून मी वर्षानुवर्षं काट्याकुट्यांतून झुडपं धुंडाळत फिरले. फुशारून फिरले, खोटं कशाला बोलू. मग मागून हाक यायची, "सापडला!" धावत परत. आणि श्वास रोखून उभी, तो बिचकू नये म्हणून. अर्धमेला जीव, तो कसला बिचकतोय!
"सगळे जगायचे का रे?"
"सगळे नाही, ताई."

१४ जुलै
वह्या पुन्हा काढल्या. "हाक आली, गेले" असं जिथे जिथे लिहिलंय ते फोटो बाजूला काढले. त्र्याहत्तर.
हे शिबिरात पोरांना सांगायचे, जनावराला हात लावायचा असेल तर कॅमेरा विकून टाका. मागच्या रांगेत बसून मी मान डोलवायची.

१६ जुलै
लेक आली. सगळं सांगितलं. म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, आई. बाबा आहेत का आता उत्तर द्यायला?"
"मी आहे ना," म्हटलं.
चिडली. "लोक त्यांच्यावर थुंकतील, ते चालेल तुला? आणि तुला कशाची टोचणी? तू तर बघतही नव्हतीस!"
जेवली नाही. तशीच गेली.
मला एकदा सांगितलं असतं तर? भांडले असते. वही त्यांच्या अंगावर टाकून घरी आले असते. ते त्यांना परवडणारं नव्हतं. माझी वही हवी होती.
इतके दिवस रोज रडू यायचं. आता येत नाही.

१९ जुलै
कागदावरचं "हजर होते" खोडलं. वर लिहिलं — सोबत वेगळ्या बांधलेल्या त्र्याहत्तर फोटोंतले प्राणी बर्फपेटीतून काढून ठेवताना मी तिथे नव्हते. मला लांब पाठवलं होतं. खाली सही केली. स्वतः जाऊन टपालात दिलं.
घरी येऊन पलंगावरची चादर बदलली. चारही टोकं एकटीनेच ओढली.