चाळीस लख्ख बोर्ड

१२ जुलै

तीर्थस्वरूप दादास,
नमस्कार. इकडे सगळे ठीक, तुम्हीही मजेत असाल. आईचा गुडघा बरा आहे. औषध सोडून सगळ्यांचे सल्ले घेते. वहिनींना नमस्कार सांग.

ऑफिसात तुझी खुर्ची अजून करकरते. हो, मीच बसतो तिच्यावर. कानावर आलंच असेल.

परवा बेकरीच्या भट्टीचा एक कंट्रोलर मेलेला आला. दोन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या त्या चाळीसांपैकीच, परत मागवायचा राहून गेलेला. तुझा कोड काढून नवा घातला, तरी सुरू होतानाच आतला कर्नल प्रोग्रॅम 'खराब ब्लॉक' म्हणून अडतो. टेस्टिंगला नवी मुलगी आहे. तिनं सरळ विचारलं, "सर, या चिपवरच्या कारखान्याच्या खुणा कुणी पुसल्या?"



तूच शिकवलंस, फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये काही ब्लॉक जन्मापासूनच खराब असतात. कारखाना त्यांच्यावर खूण करून देतो, कर्नल ती बघून त्यांना टाळतो. कंट्रोलरचे ते चाळीस बोर्ड तुझा कोड भरण्याआधी तू मला साफ करून ठेवायला सांगितलेस. साधी कमांड प्रत्येक खराब ब्लॉकपाशी अडखळत होती आणि मला घरी जायची घाई. मी जबरदस्तीची कमांड दिली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की ना? मी 'हो' दाबलं, चाळीस वेळा. खुणांसकट सगळं पुसलं गेलं. बिचाऱ्या कर्नलला सगळेच ब्लॉक चांगले दिसायला लागले आणि त्यानं खराब ब्लॉकांतही तुझा कोड भरला.

भट्ट्या बंद पडल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला हे उमगलं होतं, दादा. मीटिंगआधी जिन्यात तू विचारलंस, "नीट साफ केले होतेस ना रे?" मी म्हटलं, "एकदम लख्ख." तू आत गेलास आणि म्हणालास, "मग चूक माझ्याच कोडची." माझ्या शब्दावर तू स्वतःला खोटं ठरवलंस. मी मान खाली घालून चहा पीत होतो.

ती नोकरी सुटली, आता तू पंप दुरुस्त करतोस. आई सांगते, कुणी विचारलं तर म्हणतोस, मला ते काम जमतच नव्हतं. हे ऐकूनही दोन वर्षं मला घास गोड लागला. लाज वाटते रे.

आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"मला त्याची जागा हवी होती," मी म्हणालो. बोलून गेल्यावर मलाच कळलं की हे खरं आहे.

साहेब तुला फोन करतील. तो उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

तुझा
धाकटा