होळीचा मान आणि विंचचा करंट

१ मार्च २००८, शनिवार
निर्णय झाला. विंचला करंट आता चावीतूनच जाणार. चावी बंद तर विंच बंद.
कारण लिहून ठेवतो. तानशाकडचा रिसॉर्ट बंद पडला तेव्हा मी त्यांची ही जाड चाकांची चारचाकी बाइक स्वस्तात उचलली. पुढं विंच आहे. बटण दाबलं की लोखंडी दोर गुंडाळते, झाड असो की दगड, ओढून आणते. काल टेस्टिंगसाठी हूक गोठ्याच्या खांबाला लावला, चाकांना दगड दिले नि जेवायला बसलो. चावी माझ्या खिशात. पण विंच डायरेक्ट बॅटरीवर, तिला चावीचं काय देणंघेणं. म्हशीनं पाठ घासता घासता बटण दाबलं. खांब उपटला, पत्रे खाली. जया म्हणते, हूक खांबाला ठेवून जेवायला बसतं का कोण. बायकोला टेक्निकल बाजू कळत नाय. चूक म्हशीची आहे.

३ मार्च
धाऊबाबांकडं जाऊन आलो. गावची होळी तेच बघतात. होळीचं सावरीचं खोड अख्खं गाव ओहोळातून हातानं ओढून आणतं. दोराला पहिला हात लावायचा मान आमच्या घराचा होता. एका होळीला माझे बाबा कसाऱ्याला ड्युटीवर अडकले नि मान चुलत्याकडं गेला तो गेलाच. आता देवजी मिरवतो. माझा सख्खा चुलतभाऊ. फेटा काय, मिशीला तेल काय. दर होळीला माझं रक्त उसळतं.
धाऊबाबा सगळ्यांसमोर बोलले, देवराम, तुझ्या यंत्रानं खोड वर काढलंस तर मान तुझ्या घरात. नाय निघालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाय. मी हो म्हणालो. देवजी हसला. हस लेका, होळीला बघू.

६ मार्च, शहापूर
ऑटो-इलेक्ट्रिकवाल्याला विचारलं, चावीचा करंट कुठल्या वायरीत असतो. म्हणाला, गाडी आणा, बघून सांगतो. म्हणजे मी येडा. मी आयटीआयला वायरमन होतो, परीक्षा तेवढी द्यायची राहिली. बारक्या करंटवर मोठा करंट चालू करणारा रिले घेतला, वायर घेतली. गाडीचं बटण फार महाग सांगत होता म्हणून घरातल्या पंख्याचं घेतलं. बटण ते बटण.

९ मार्च, दुपार
सापडला. आमचं अंगण उताराचं, म्हणून गाडीवर बसून पायानं ब्रेक दाबून धरला नि मान मोडेस्तोवर मागं वळून मागच्या दिव्याच्या वायरींत टेस्टर घातला. चावी चालू, टेस्टर पेटला. चावी बंद, विझला. लगेच जोडून टाकलं. ह्याला डोकं लागतं. शहापूरवाला ह्याचे पैसे घेणार होता.

११ मार्च
टेस्ट पास. गाडीवर बसलो, ब्रेक दाबला, बटण टाकलं. म्हशीची पाण्याची दगडी डोण सरसर आली. जयाला बोलावलं. खाली उतरून ऐटीत बाजूला उभा राहिलो, बटण टाकलं. ढिम्म. जया आत गेली.
बटण खराब निघालं. दुकानदार चोर आहे.

१३ मार्च
नवीन बटण. बसलो, चाललं. उतरलो, बंद. बसलो, चाललं.
लक्षात आलं. कुठं तरी जॉइंट लूज आहे, माझ्या वजनानं दाबला जातो. सीटवर तांदळाचं पोतं ठेवून बघितलं, नाय चाललं. पोत्याचं वजन कमी पडलं. जया म्हणाली, तुमी बसल्यावर पाय कुठं ठेवता ते बघा की जरा. बाईमाणसाला पायाचं पडलेलं. ठरलं, होळीच्या दिवशी गाडीवरून उतरायचंच नाय. मान घेणारा माणूस वर बसलेलाच शोभतो.

२० मार्च
देवजी दाराशी आला. म्हणाला, देवराम, दोर घेऊन ठेवू ना रे, लागला तर. मी म्हणालो, तुझा दोर तुझ्या बैलांना ठेव. दिवसभर डोकं तापलेलं.

२१ मार्च, होळी, रात्री
ओहोळावरची जागा सपाट होती. गाडी मागून साखळीनं आंब्याला बांधली, त्यामुळं ब्रेकची गरजच नव्हती. अख्खं गाव जमलेलं. हूक खोडाला. मी वर बसलो, दोन्ही पाय ऐटीत पुढं सोडले, बटण टाकलं.
काय नाय. टाकलं, काढलं, टाकलं. पोरी फिदीफिदी हसल्या. भागीकाकू बोलली, म्हशीला बोलवा, तिला जमतं. सगळं रक्त डोक्यात गेलं. साखळी सोडून गाडीनंच खोड ओढायला गेलो. क्लच जळाला.
देवजीनं दोर काढला. पहिला हात त्याचा. खोड वर आलं. माझी गाडी हलेना, म्हणून धाऊबाबांनी तिचा हूक काढून खोडाच्या मागच्या टोकाला अडकवला, खोडामागं तीही ओढत नेऊ म्हणाले. पुढं गाव, मधी खोड, मागं मी. आयुष्यात असा अपमान झाला नाय. बटण तसंच चालू, चावीही. कुणाला सुचतंय तेव्हा.
देवळाच्या उताराला गाडी खोडावर जायला लागली. मी ब्रेक दाबला.
आणि विंच चालू झाली.
पुढचं चाक रस्त्याच्या मोरीच्या दगडाला अडलेलं, त्यामुळं गाडी जागेवर नि खोड उलटं माझ्याकडं. मी घाबरून ब्रेक आणखी दाबला. विंचनं आणखी ओढलं. सगळं गाव दोरासकट खाली बसलं. सगळ्यात आधी देवजी, फेट्यासकट. जया मागून ओरडत होती, पाय काढा, अहो पाय काढा.
पाय काढला. बंद पडली.
होळी पेटली तेव्हा पहिली बोंब माझ्या नावानं मारली. दुसरी विंचच्या.

२२ मार्च, धुळवड
माणसानं प्रामाणिक असावं. विंचमध्ये दोष नव्हता. एवढं मोठं खोड अख्ख्या गावाविरुद्ध ओढून दाखवलं. फक्त दिशा चुकली. आणि वायर ब्रेकच्या दिव्याची निघाली. बनवणाऱ्यानं त्यावर लिहायला काय जात होतं.
सकाळी देवजी आला, मागं धाऊबाबा नि दहाबारा जण. वाटलं, आता मारतात. दार लावून घेतलं. जयानं उघडलं. देवजी म्हणाला, वहिनी, गोठ्याचा खांब उभा करायला आलोय, पावसाआधी व्हायला हवा. चालताना लंगडत होता.
खांबाला दोर बांधला. सगळे थांबून राहिले. मला कळेना कशाला थांबलेत. धाऊबाबा म्हणाले, गोठा कोणाचा? पहिला हात त्याचा.
लावला. राग आला सगळ्यांचा. डोळ्यांत पाणीही आलं, त्यांनी गुलाल फार उडवला होता.
खांब एका दमात उभा राहिला. म्हशीनं लगेच येऊन त्याला पाठ घासली.