शेवटचा टाका

अप्पा, दुकानात बसून तुम्हाला लिहितेय. भर दुपार आहे आणि मी शटर ओढून घेतलंय. तुम्ही असता तर ओरडलाच असता, धंद्याच्या वेळी शटर कसलं बंद करतेस म्हणून.

भवानी पेठेतला आपला गाळा तसाच आहे. मंदिराची निशाणं आणि दर्ग्याच्या चादरी अजून एकाच मशीनवर शिवते. निशाण असो की चादर, वीतभर दुमड तुम्ही उघडी ठेवायचात आणि शेवटचा टाका घालायला सुई गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचात. मैंदर्गीचे ते व्यापारी एकदा म्हणाले, "तुमीच घाला की, मला कुटं येतंय?" तुम्ही चष्म्यावरून बघताय, मला आत्ताही दिसतंय. "येत न्हाई तर वाकडा घाला. देव तुमचा हाय, आमी मधी कशाला?" एवढा मोठा माणूस, पण मुकाट्यानं घाम पुसत टाका घालत बसला. मला काय हसू आलं होतं!

आता ऐका. कुणी कुठला धर्म पाळावा, बदलावा की नाही, यावर नवा कायदा येतोय म्हणे. लोकांनी आपलं म्हणणं मांडावं म्हणून उद्या सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये सभा आहे. समोरच्या बोळातली खाला, तुम्ही जिला बहीण मानायचात, ती परवा येऊन बसली. "आमी बोललो तर म्हणतेत, तुमचं तुमी बोलणारच. तू बोल गे. तुझ्या अप्पाचं दुकान सगळ्यांना ठाऊक हाय." मी हो म्हणाले. ते गाळामालकाच्या कानावर गेलं. काल तो चहा पिऊन गेला आणि उठता उठता गोड आवाजात म्हणाला, "ताई, बोला की, लोकशाही हाय. फक्त मग दुसरा गाळा बघा. आन् ती चादरीबिदरीची कामं बी बंद करा." हा गाळा गेला तर या वयात मी जाऊ कुठं, अप्पा? तुमच्यावर राग येतो कधीकधी. गाळा की चादरी, हे तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

आज सकाळी खाला चादर न्यायला येणार होती. ती दुकानात सुई घेऊन बसलेली मालकाला दिसू नये, म्हणून मी सगळी दुमड आधीच शिवून टाकली. ती आली. काठावरून बोटं फिरवत फिरवत पुन्हा पहिल्या कोपऱ्याशी आली. "मेरा टाका किधर गे?" मी म्हटलं, झालं की सगळं, घेऊन जा. तिनं चादरीची घडी घालून मशीनवर ठेवली. "राहू दे. उद्या सभेहून येताना नेते." आणि गेली.

कायद्यातलं मला काय कळतंय? पण तिथं सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे, की आमच्या दुकानात शेवटचा टाका ज्याचा त्याला घालू देतात. ते तरी आता खरं कुठं राहिलंय?

हा कागद मशीनच्या खणात टाकते, तुम्हाला थोडाच पोचणार आहे? खालाच्या चादरीची वीतभर शिवण आत्ताच उसवली. सुईत दोराही ओवून ठेवलाय. पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू, अप्पा, उसवायच्या आधी मी शटर ओढून घेतलं.