देवघरातला रोमन बादशहा

वलगाव, मंगळवार

श्री. शेषराव साडूभाऊंना खुशालरावाचा रामराम. इकडे सगळे धडधाकट आहोत. माणिकताईंच्या गुडघ्याला नवे तेल मानवले का, ते कळवावे. (आम्ही दिलेल्या तेलाने काही झाले नाही, हे समजले आहे.)

संत्र्याच्या कलमासाठी खड्डा खणताना सापडलेले चांदीचे नाणे तुम्ही जठारपेठेतल्या तुमच्या घरी भिंगातून पाहिले आणि रोमच्या तिबेरियस बादशहाचे ठरवले. रविवारी तुम्ही येणार आणि सोमवारी ते तहसीलीत जमा करायचे, हे मी कबूल केले. अडचण अशी की नाणे आता माझ्या ताब्यात नाही. तुमच्या मेहुणीने, म्हणजे आमच्या पार्वताबाईने, त्यावरचे लांब नाक पाहिले आणि म्हणाली, "हे तं मामाजी हायेत!" माझ्या वडिलांनी जन्मात फोटो काढू दिला नाही (फोटोने आयुष्य घटते म्हणे, एकोणनव्वद वर्षे जगले), त्यामुळे ताडून पाहायला काही साधन नाही. तिने नाणे धुतले, हळदकुंकू वाहिले आणि देवघरात पूर्वजांच्या चांदीच्या टाकांशेजारी बसवले. रोमच्या बादशहाला रोज ज्वारीची भाकर आणि झुणका मिळतो आहे.

मग तुम्ही दिलेले पुस्तक घेऊन मी तिला समजावायला बसलो आणि तिथेच फसलो. तिबेरियस म्हातारपणी सगळ्यांवर रुसून एका बेटावर जाऊन राहिला आणि तिथून पत्रे धाडून राज्य चालवू लागला, एवढे वाचले तोच ती म्हणाली, "मंग? मामाजी नाई का वावरातल्या खोपडीत जाऊन बसले होते? भाजी कोन्ती करा, थे बी तिथूनच सांगून धाडत." याच्यामागून गादीवर कोण आले, असेही विचारले. कॅलिगुला आला, आणि त्याने म्हणे आपल्या घोड्याला मोठा अंमलदार करायचे घाटले होते. हे वाचताना मी दुसऱ्या हाताने शंकरपटाच्या शर्यतीत पळणाऱ्या माझ्या बैलाला बदाम चारत होतो. तिने बैलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. पुढचे बादशहा मी वाचलेच नाहीत.

तरी कायदा तो कायदा. तुम्ही शिकलेले, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तुमचे ती ऐकेल. मी त्या वेळी वावरात असेन.

तुमचा,
खुशालराव

ता. क. माणिकताईंनाही आणा. तुमचे एकट्याचे ती ऐकेल असे वाटत नाही.

ता. क. दुसरा. काल घरात कुणी नसताना मीही देवघरापुढे बसून पाहिले. साडूभाऊ, बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली आणि त्यांचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. हे मी पार्वताबाईला सांगितलेले नाही. नाण्याचा फोटो तुमच्या मोबाइलवर धाडला आहे. तुमच्या ओळखीच्या स्टुडिओतून तो मोठा करून, चौकट लावून रविवारी आणा. डोक्यावरचा तो मुकुटासारखा पाला काढून पांढरी टोपी घालायला सांगा आणि खाली 'कै. चंद्रभानजी' लिहून घ्या. तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुमच्या जिवावर येईल. पण तिबेरियसाचे पुतळे जगात पुष्कळ असतील, बाबांचा आमच्याकडे एकही फोटो नाही.