समाधानी अर्जदार

वाई, १० जून २०२५

चि. चारुशीलास,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू रडतेस आणि मी व्याख्यान देतो, म्हणून पत्र.

वरदचा दिव्यांगत्वाचा दाखला पाहिला. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या माझ्या भाच्याला सरकारने दृष्टिहीन ठरवले! कानावरून डोळ्यावर इतकी सहज उडी आमच्या नैयायिकांनाही जमली नसती. तू सांगलीच्या ऑफिसात पाच खेटे घातलेस, पुरे झाले. मी माझ्या मोबाइलवरून तक्रार नोंदवली आहे. शिवाय त्याच ऑफिसात आपला सुमंत आहे. माझा संस्कृतचा विद्यार्थी, विभक्त्या अजून तोंडपाठ. तीस जूनच्या मुदतीआधी दुरुस्ती होईल आणि वरदला कॉलेजात दिव्यांगांची राखीव जागा मिळेल. निश्चिंत अस.

लोभ आहेच, आंब्याची साटे आली तर वाढेल.
तुझा अण्णा

सांगली, २ जुलै

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.
मुदत संपली, जागा गेली. काल ऑफिसात खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. तक्रार अठरा जूनलाच निकाली. शेरा, अर्जदार समाधानी. मोबाइलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय तक्रार बंदच होत नाही म्हणे, तुमच्यातल्याच कुणीतरी सांगितला असणार. वरदने त्यांचे ओठ वाचले आणि माझ्याकडे पाहिलं. अण्णा, त्याला वाटलं, मीच. तुझा मोबाइल कुणाच्या हाती लागला होता का?

उत्तराची वाट पाहते.
चारुशीला

वाई, ६ जुलै

चि. चारुशीलास,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मोबाइल माझ्याच हातात होता. अठराला सुमंत सांगलीहून मुद्दाम घरी आला, वाकून नमस्कार केला. म्हणाला की वरिष्ठांचा आढावा आहे, एकही तक्रार शिल्लक दिसता कामा नये. सर, आज बंद करू द्या, सोमवारी दाखला मी स्वतः दुरुस्त करतो. मी चष्मा लावून, मोठ्या अभिमानाने आकडा वाचून दाखवला. सोमवारपासून तो फोन उचलत नाही. रोज वाटे, आज होईल. म्हणून तुला कळवले नाही. वरदला मी येऊन सांगतो. हवे तितके रागाव, अबोला धरू नकोस.

अण्णा

सांगली, १२ जुलै

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र वरदने वाचलं. सुमंतचं त्याला नवल नाही, खिडक्यांची त्याला सवय आहे. मुदत संपेपर्यंतचे बारा दिवस मामा गप्प कसा राहिला, हे त्याला कळत नाही. मलाही. सध्या येऊ नकोस.

पुढच्या वर्षासाठी काल पुन्हा तक्रार नोंदवली. नंबर माझा घाल म्हटलं, तर वरदने त्याचा मोबाइल माझ्याही हातात दिला नाही. नंबर स्वतःचाच घातला.

प्रकृतीस जप.
चारुशीला