तिसरा तारा आणि वरची खोली

१४ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. दाढ काढलीस, आता नीट जेवता येतंय ना?

मागे लिहिलेला तिसरा तारा खरोखर त्या जोडीचाच निघाला. आमच्या वेधशाळेत यंत्र सांभाळणाऱ्या बाई आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. काल दुपारी त्यांनी मोजमापं पुन्हा तपासून होकार दिला.

हे तारे अजून कोवळे आहेत, धुळीत गुरफटलेले. त्यातून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तेवढा बाहेर येतो. वर आपली हवा थरथरते आणि तिघांचा एकच डाग करते. म्हणून दुर्बिणीतला एक आरसा हवेच्या लहरीप्रमाणे सतत वाकत राहतो. मग ते सुटे दिसतात आणि एकेकाचा प्रकाश रंगारंगांत उलगडून बघता येतो. वय सारखं, वेग सारखा. एकाच ढगात जन्मलेले. दोघं लगटून फिरतात, तिसरा लांबून त्यांच्याभोवती.

मी मावशींना विचारलं, "हा तिसराही जवळ असता तर?"

"ओढाताण होऊन एव्हाना कुणीतरी बाहेर फेकला गेला असता."

"कोण?"

"बहुतेक सगळ्यात हलका. आपल्या ऑफिसात म्हणशील तर तू."

बघ, ताऱ्यांवर पान भरलं आणि खोलीचं लिहिलंच नाही.

भाऊजींनी वरच्या खोलीला रंग दिला, पुस्तकांना फळ्या ठोकल्या, हे वाचून डोळे भरून आले. नोकरी संपवून मी तुमच्याच गावी येतेय. पण त्या खोलीत राहणार नाही, ताई.

आई-बाबा गेल्यावर तू मला तुझ्या नव्या संसारात नेलंस. माझ्यासमोर तुम्ही कधी भांडला नाहीत. भांडायला जिन्यात जायचात, तेही कुजबुजत. आत आल्यावर भाऊजी विचारायचे, "काय गं, गणितं झाली?" मला सगळं ऐकू आलेलं असायचं. मला त्या घरात कधी परकं वाटलं नाही. तुम्हीच मात्र स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वागलात.

आता तुझी मुलंही आपापल्या घरी गेली. मोकळेपणी भांडा की.

तुमच्या मागच्या गल्लीत मी दोन खोल्या घेतल्यात. तू रागावशील, चार दिवस फोन उचलणार नाहीस, हे धरून चाललेय. मग भाऊजीच तुझ्या नकळत फोन करतील. शनिवारी किल्ली मिळेल, रविवारी सामान येईल. संध्याकाळी दोघं चहाला या. निघताना मला "चल" म्हणू नकोस. दारातून हात कर आणि त्यांच्याबरोबर घरी जा.

रोज येऊन रोज परत जाणारी,
तुझीच
धाकटी